गटचर्चा : बोलणारे चार, ऐकणारे छप्पन्न

शिक्षकांच्या परिषदांच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या तर एक क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच आढळतो. सकाळी उद्घाटन, मग बीजभाषण, मग भोजन आणि भोजनानंतर 'गटचर्चा'. उद्घाटन उशिरा सुरू होते, सत्कार लांबतात, बीजभाषण वेळेत संपत नाही. हा सगळा उशीर भरून काढला जातो तो गटचर्चेच्या वेळातून. दीड तासाची चर्चा पाऊण तासावर येते. त्यातही मार्गदर्शक वीस मिनिटे प्रास्ताविक करतात, नेहमीचे तीन-चार जण बोलतात, एखादा प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने छोटेसे भाषण करून घेतो. अहवालात मात्र 'चर्चा अत्यंत उद्बोधक झाली' अशी नोंद होते.

हे चित्र इतके ओळखीचे आहे, की त्याविषयी तक्रार करणेही आपण सोडून दिले आहे. निदान विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी ते सोडू नये. वर्गात एखादे उपकरण नीट चालत नसेल तर आपण ते उघडून पाहतो. गटचर्चा हेही एक साधनच आहे. ते कशासाठी आहे, कसे चालते आणि नेमके कुठे अडते, हे तपासता येते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत ते पुष्कळ तपासले गेलेही आहे. आपल्या परिषदांना मात्र त्याची दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

भागाकाराचे एक उदाहरण

समजा, सभागृहात ६० शिक्षक आहेत आणि चर्चेला ४५ मिनिटे आहेत. मार्गदर्शक एक शब्दही बोलले नाहीत आणि ध्वनिक्षेपक हातोहात फिरवण्यात एक क्षणही गेला नाही असे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात. एवढ्यात नाव, गाव आणि शाळा सांगून होते. याच ६० जणांचे सहा-सहांचे १० गट केले तर प्रत्येकाला साडेसात मिनिटे मिळतात. जोड्या केल्या तर साडेबावीस. अमेरिकेत मिशिगनमधील जे. डोनाल्ड फिलिप्स यांनी १९४८ मध्ये हाच हिशोब वापरला. मोठी सभा सहा-सहांच्या गटांत विभागायची आणि एका नेमक्या प्रश्नावर सहा मिनिटे बोलू द्यायचे. ही पद्धत '६६' या नावाने ओळखली जाऊ लागली.

तेव्हा लहान गट हवेत, हे उघड आहे. पण लहान गट केले म्हणजे काम झाले असेही नाही. जाहिरात व्यवसायातील अॅलेक्स ऑस्बर्न यांनी लोकप्रिय केलेली विचारमंथनाची पद्धत येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तपासली. त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही ठिकाणी चौघांना एकत्र बसवून कल्पना सुचवायला सांगितल्या. दुसरीकडे चौघांनी वेगवेगळे बसून त्याच प्रश्नावर विचार केला, आणि नंतर त्यांच्या कल्पना एकत्र करून दुबार आलेल्या वगळल्या. वेगवेगळे बसलेल्या चौघांकडून जवळजवळ दुप्पट कल्पना मिळाल्या! १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी याचे एक मोठे कारण दाखवून दिले. एक जण बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावे लागते. थांबलेल्या माणसाला सुचलेले विसरायला होते, किंवा पाळी येईपर्यंत ते सांगण्याजोगे वाटेनासे होते.

गंमत अशी, की गटात बसलेल्यांना मात्र आपले काम फार चांगले झाले असे वाटत असते. म्हणून 'चर्चा छान रंगली' हा चर्चेचे मोजमाप करण्याचा निकष होऊ शकत नाही. अलीकडे सत्र रंगवण्यासाठी फुगे, टाळ्या आणि कृतिगीते यांची रेलचेल असते. त्याने दुपारची झोप उडते हे खरे, पण झोप उडवणे आणि विचाराला चालना देणे ही दोन वेगळी कामे आहेत. चर्चेअंती आपल्या हाती असे काय आले, जे सकाळी सभागृहात कुणा एकालाच ठाऊक होते? निकष हा असायला हवा.

शिरपूरचे पाणी

हा निकष किती महत्त्वाचा आहे ते एका उदाहरणाने पाहू. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या दक्षिणेला तापी आहे आणि उत्तरेला सातपुडा. अनेर, अरुणावती या नद्या सातपुड्यातून उतरून तापीला मिळतात. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने २००४ पासून या तालुक्यात पाणी मुरवण्याचे मोठे काम झाले. नाले रुंद आणि खोल केले गेले, त्यांवर दारे नसलेले सिमेंटचे बंधारे बांधले गेले, विहिरींमध्ये पाणी सोडून भूजलाचे पुनर्भरण केले गेले. 'शिरपूर पॅटर्न' हे नाव राज्यभर झाले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण महाराष्ट्रभर झाले, आणि त्यावर भूजलाच्या अनेक अभ्यासकांनी कडक टीकाही केली.

वाद कशावर आहे हे समजायला थोडे भूशास्त्र पाहावे लागेल. तापीच्या काठाकडे जाडच जाड गाळाची जमीन आहे. तिच्यात चिकण मातीचे आणि वाळूचे थर एकाआड एक आहेत. चिकण मातीतून पाणी खाली झिरपत नाही. तो थर भेदला की खालच्या वाळूत ते मुरते. खोल नाल्यामागचा विचार येथे सरळ समजतो. सातपुड्याच्या बाजूला मात्र काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही मर्यादित. तेथे नाला फार खोल खणला तर आजूबाजूच्या मुरमातले पाणी उलट नाल्यात उतरण्याचा धोका असतो. या दोहोंच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी, दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा पट्टा असतो. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. त्यातून पाणी झपाट्याने मुरते. म्हणजे एका तालुक्यात जमीन तीन तऱ्हेची आहे आणि नाला खोल करण्याचा परिणाम तिन्हीकडे एकच होईल असे मानायला आधार नाही.

आता कल्पना करा, की शिरपूरला तालुक्यातील विज्ञान शिक्षकांची परिषद भरली आहे आणि गटचर्चेचा विषय आहे, 'पाणीप्रश्न आणि आपली भूमिका'. सभागृहात तापीकाठच्या गावातील शिक्षक आहेत, पायथ्याजवळचे आहेत, डोंगराकडच्या आश्रमशाळांतलेही आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या विहिरी पाहिलेल्या आहेत. तालुक्याच्या पाण्याचे जवळजवळ संपूर्ण चित्र त्या एका सभागृहात, तुकड्या-तुकड्यांनी, हजर आहे. चर्चा चांगली झाली तर ते जुळेल. नेहमीसारखी झाली तर काय होईल?

सर्वांना ठाऊक असलेलेच पुन्हा

या प्रश्नाचे उत्तर गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एका साध्या प्रयोगातून दिले. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना तीन काल्पनिक उमेदवारांपैकी एक निवडायचा होता. तिघांपैकी एक सरस होता. ज्या गटांत सर्वांना सर्व माहिती दिली, त्यांपैकी बहुतेकांनी त्यालाच निवडले. दुसऱ्या काही गटांत मात्र त्याच्या गुणांची माहिती चौघांत विभागून दिली. एक गुण एकाला ठाऊक, दुसरा दुसऱ्याला. चौघांनी आपापले तुकडे पुढे ठेवले असते तर उत्तर तेच आले असते. पण या गटांपैकी थोड्यांनाच योग्य उमेदवार निवडता आला. चर्चेत पुन्हा पुन्हा आले ते सर्वांना आधीच माहीत असलेले मुद्दे. एकट्यादुकट्याला ठाऊक असलेले बहुधा बाहेर आलेच नाही, आणि आले तरी त्यावर कोणी थांबले नाही. नंतरच्या अनेक प्रयोगांत हाच अनुभव आला.

कारण समजण्यासारखे आहे. सर्वांना माहीत असलेली गोष्ट कोणीही काढू शकतो, म्हणून ती निघण्याचा संभव जास्त. ती निघाली की इतर जण मान डोलावतात आणि बोलणाऱ्यालाही हुरूप येतो. एकालाच ठाऊक असलेली गोष्ट मात्र त्यानेच काढावी लागते, आणि तिला मान डोलावणारा कोणी नसतो.

शिरपूरच्या सभागृहात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कोणती असेल? 'नाले खोल केले, पाणी वाढले.' हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत येईल आणि टाळ्या घेईल. डोंगराकडच्या एखाद्या शिक्षिकेने खोल नाल्याशेजारची विहीर पौषातच तळाला गेलेली पाहिली असेल. तापीकाठच्या एखाद्याने पाहिले असेल, की विहिरींना पाणी आले तसे जास्त पाणी पिणारे पीकही आले आणि तीन वर्षांत विहिरी पूर्वपदावर आल्या. किंवा याच्या नेमके उलटही कोणी पाहिले असेल. ही सगळी निरीक्षणे मनातच राहतात. सभागृहातून ६० जण बाहेर पडतात ते सकाळी जे वाक्य घेऊन आले होते तेच घेऊन. पुढे तेच वाक्य आपण वर्गात शिकवतो. प्रश्न खर्चाचा आणि विहिरींचा आहे, तेव्हा हे नुकसान कागदावरचे नाही.

अधिकारी शेवटी बोलावेत

आपल्याकडे याला आणखी दोन अडसर आहेत. पहिला पदाचा. गटात केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी बसलेले असतील तर चर्चेची सुरुवात त्यांनी करावी अशी रीत आहे. त्यांनी मत दिले की उरलेली चर्चा त्या मताच्या समर्थनात जाते. यात त्यांचा दोष नाही, रीतीचा आहे. १९६१ मध्ये क्यूबावरील फसलेल्या स्वारीचा निर्णय अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या हुशार सल्लागारांनी जवळजवळ एकमुखाने घेतला होता. पुढच्या वर्षी क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा केनेडी काही बैठकींना मुद्दाम गैरहजर राहिले, म्हणजे सल्लागार मोकळेपणी बोलू शकतील. आपल्या अधिकाऱ्यांनी गैरहजर राहण्याची गरज नाही. त्यांनी सर्वांत शेवटी बोलावे, इतके पुरे.

दुसरा अडसर भाषेचा. शिरपूर भागातील अनेक शिक्षकांची घरची बोली अहिराणी आहे. डोंगराकडच्यांची पावरी किंवा भिली असते. चहाच्या टपरीवर विहिरीची कुळकथा सांगणारा माणूस ध्वनिक्षेपक हातात आला की 'जलसंधारणाच्या अनुषंगाने' अशी सुरुवात करतो आणि विहीर बाजूलाच राहते. शेजाऱ्याशी बोलताना कोणी प्रमाणभाषा शोधत बसत नाही. म्हणून दोघा-दोघांत बोलण्याला वेळ देणे हे वेळेच्या हिशोबापेक्षाही या कारणाने महत्त्वाचे आहे. ज्याचे बोलणे सर्वांत मोलाचे, तोच बहुधा सर्वांत संकोची असतो.

साठ मिनिटांचे एक सत्र

टीका केली की पर्यायही द्यायला हवा. वरील ६० शिक्षकांसाठी साठ मिनिटांचे सत्र असे घेता येईल.

पहिली पाच मिनिटे प्रश्नाला. 'पाणीप्रश्न आणि आपली भूमिका' हा प्रश्नच नव्हे, ते निबंधाचे शीर्षक आहे. त्यावर फक्त मते मिळतात. प्रश्न असा हवा, की ज्याला उत्तर द्यायला निरीक्षण लागेल : 'तुमच्या गावातल्या तुम्हाला माहीत असलेल्या एका विहिरीला वैशाखात किती खोलीवर पाणी असते? जवळचा नाला खोल केला असल्यास त्यानंतर काय बदल झाला आणि तो किती काळ टिकला?' प्रश्न फळ्यावर लिहावा. सत्रभर तो समोर राहिला पाहिजे.

पुढची पाच मिनिटे शांततेची. प्रत्येकाने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उत्तर लिहायचे. दुसऱ्याचे ऐकून आपले मत वाकण्याआधी ते कागदावर यावे, हा यामागचा हेतू. ही शांतता सूत्रधाराला सोसत नाही आणि तो मध्येच बोलू लागतो. मेरी बड रो यांनी वर्गातील अध्यापनाचा अभ्यास करून १९७० च्या दशकात दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हा काळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, आणि एरवी गप्प असणारेही बोलतात. वर्गातील मुलांविषयी जे खरे, ते त्यांच्या गुरुजनांविषयीही खरे असावे.

त्यानंतर आठ मिनिटे जोडीने बोलणे. अमेरिकेतील फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली 'विचार करा, जोडीत बोला, सर्वांना सांगा' ही रीत आता अनेकांना वर्गातून परिचित आहे. जोडीत एकाने दुसऱ्याचे उत्तर नीट समजून घ्यायचे.

मग वीस मिनिटे सहा जणांचे गट. हे गट आपोआप होऊ देऊ नयेत, कारण मग एका शाळेचे लोक एकत्र बसतात. नोंदणीच्या वेळीच गावाप्रमाणे तीन रंगांचे बिल्ले द्यावेत : काठ, पायथा, डोंगर. प्रत्येक गटात तिन्ही रंग यावेत. एका पट्ट्यातून आलेले थोडे असतील तर ते निदान शक्य तितक्या गटांत विखुरलेले असावेत. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपले कार्ड वाचायचे, मध्ये कोणी बोलायचे नाही. दुसऱ्या फेरीचा नियम एकच : आधी कोणी सांगितले नसेल तेच सांगा. एका सदस्याने कागदावर तीन रकाने आखून नोंदी कराव्यात. 'सर्वांना माहीत होते', 'एकालाच माहीत होते', 'मोजून पाहायला हवे'.

उरलेल्या बावीस मिनिटांत सर्व एकत्र. येथे प्रत्येक गटाचा अहवाल वाचण्याची प्रथा मोडायला हवी. दहा गटांनी पाच-पाच मिनिटे घेतली तर पन्नास मिनिटे जातात, आणि तिसऱ्या गटानंतर प्रत्येक जण 'आधीच्या गटाने सांगितलेच आहे' असे म्हणतो. त्याऐवजी प्रत्येक गटाने फक्त दुसऱ्या रकान्यातील एक गोष्ट सांगावी. एका मिनिटात सांगून होते, म्हणजे दहा मिनिटे. शेवटची बारा मिनिटे तिसऱ्या रकान्याला.

यात सूत्रधार काय करतो? प्रशिक्षणाच्या साहित्यातून 'सुलभक' हा शब्द आपल्याकडे रुळला, पण पाटी बदलली तरी खुर्चीवर बहुधा जुनेच 'मार्गदर्शक' असतात. उत्तम सूत्रधार प्रश्न घडवतो, गट मिसळतो, घड्याळ पाहतो, आणि बोलघेवड्याला थांबवून गप्प बसलेल्याकडे वळतो. 'तुमच्याकडे याहून वेगळे काही दिसले का?' हा त्याचा ठेवणीतला प्रश्न. समारोपात स्वतःचे मत ठोकून देण्याचा मोह त्याने आवरला, तर सत्र निम्मे यशस्वी झाले असे समजावे.

चर्चेने काय ठरत नाही

एक आक्षेप नेहमी घेतला जातो : साठ जणांनी बोलून भूशास्त्र ठरते का? नाही ठरत. डोंगराकडची विहीर नाल्यामुळे आटली, की त्या वर्षी पाऊसच कमी झाला, की शेजारी नवी कूपनलिका झाली, हे हात वर करून ठरवता येत नाही. तज्ज्ञांची गरज आहेच. पण तज्ज्ञाला काय विचारायचे, आणि कोणत्या विहिरीपाशी उभे राहून विचारायचे, हे सांगणारे लोक मात्र सभागृहातच बसलेले असतात. नेहमीच्या गटचर्चेत तज्ज्ञाचे ज्ञानही नीट पोचत नाही आणि या लोकांचेही बाहेर येत नाही.

म्हणून तिसरा रकाना महत्त्वाचा. 'मोजून पाहायला हवे' या यादीतील कित्येक गोष्टी शाळेला करता येतात. विहिरीतील पाण्याची पातळी मोजायला वजन बांधलेली दोरी आणि फीत पुरते. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, पंप चालू होण्याआधी, सकाळी मोजायचे. शेजारी गावच्या पावसाची नोंद ठेवायची. तीन पट्ट्यांतील तीन शाळांनी हे दोन वर्षे केले तर पुढच्या परिषदेत कुणाला 'मला वाटते' असे म्हणावे लागणार नाही. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी प्रकल्प शोधणाऱ्या वरच्या वर्गातील मुलांना याहून चांगला विषय शोधूनही सापडणार नाही. मात्र मुलांनी विहिरीच्या काठावर मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये, हे पथ्य कटाक्षाने पाळावे.

आणखी एक सूचना संयोजकांना. कार्यक्रमपत्रिकेत गटचर्चा सकाळी पहिली ठेवावी आणि बीजभाषण दुपारी. उशीर झालाच तर तो भाषणाच्या वाट्याला जाईल. वक्त्यालाही सकाळी तयार झालेली प्रश्नांची यादी हातात घेऊन बोलता येईल. एखाद्या वक्त्याला हे मानवणार नाही, पण त्याला बोलावताना आधीच सांगून ठेवता येते. सत्कार आणि आभार त्यानंतर उरलेल्या वेळात व्हावेत.